पिंक मून ऐकायची बैठक : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

ठरलं एकदाचं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-पंधरा जण जमतो आणि काहीतरी ऐकतो, आत्तापर्यंत नाट्यसंगीत झालं, जुनी हिंदी गाणी दोन-तीनदा झाली, एकदा नुसते अभंग झाले, आणि फेब्रुवारीची बैठक माझ्याकडे आलीय. मी निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा पिंक मून लावणार आहे. अख्खा अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, काहीही न गाळता. अकरा गाणी, २८ मिनिटं, एक मुलगा आणि एक गिटार. ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आले आणि एकीने विचारलं हा कोण, म्हणजे पाटी कोरी आहे, मला तेच हवं होतं.

तारीख बघायला कॅलेंडर काढलं तर फेब्रुवारीचा शेवटचा रविवार २५ तारखेला येतोय, आणि हा अल्बम आला होता २५ फेब्रुवारी १९७२ ला. बरोबर ५२ वर्षं होतायत. मी काही हे जुळवून आणलेलं नाही, पण बघून अंगावर काटा आला खरा.

कामं बरीच आहेत. गाण्यांचा मराठीत सारांश करून एक पान झेरॉक्स करायचं, बोलायचं काय ते ठरवायचं, भाच्याकडून गिटारवर दोन-चार गोष्टी प्रत्यक्ष दाखवून घ्यायच्या, आणि हॉलमधल्या आवाजाचं काहीतरी करायचं. ही वही त्यासाठीच सुरू केलीय, नाहीतर माझं सगळं आदल्या रात्रीवर येतं.

१५ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवात दिवस गेला. रात्री झोपताना हेडफोन लावून फक्त पहिलं गाणं ऐकलं, दोनदा. मधे पियानोचे ते चार-दोन सूर येतात ना, अख्ख्या अल्बममध्ये गिटारीवर वरून चढवलेली तेवढीच एक गोष्ट आहे आणि ती पण त्यानेच वाजवलीय. बाकी सगळं गळा आणि गिटार.

२१ जानेवारी, रविवार

प्रस्तावना लिहायला बसले. पहिलं वाक्य आपसूक आलं ते असं, की वयाच्या २६ व्या वर्षी गेलेला हा इंग्लिश गायक. लिहिलं आणि थांबले. खोडलं. परत लिहिलं तर दुसऱ्या वाक्यात परत मरणच आलं. मग वही बंद करून चहा केला.

हे मला नीट लिहून ठेवायचंय कारण सगळी बैठक याच्यावर उभी राहणार आहे. निक ड्रेकबद्दल कुठेही काहीही वाचा, सुरुवात त्याच्या मरणापासून होते. २५ नोव्हेंबर १९७४, आईवडिलांच्या घरी, नैराश्यावरच्या गोळ्यांचा जास्तीचा डोस. मग त्याआधीचं सगळं त्या मरणाकडे जाणारा रस्ता म्हणून सांगतात, आणि पिंक मून तर काय, शेवटचा अल्बम, त्यामुळे तो जणू चिठ्ठीच लिहून ठेवल्यासारखा ऐकला जातो. मी पण वर्षानुवर्षं तसाच ऐकला. रडण्यासाठी ऐकला असंच म्हणा ना. पण गेल्या दोन वर्षांत भाचा घरी गिटार शिकायला लागल्यापासून माझं ऐकणं बदललं, कारण तो मला सारखा म्हणायचा आत्या हा अंगठा ऐक, फक्त अंगठा ऐक. आणि खरंच, अंगठा ऐकायला लागलं की समोर कोणी खचलेला माणूस दिसतच नाही, समोर दिसतो तो एक २३ वर्षांचा कमालीचा तयारीचा वादक ज्याला आपण काय करतोय ते शंभर टक्के माहितीये. अंगठा खालच्या जाड तारांवर घड्याळासारखा चाललाय, बोटं वर वेगळंच काहीतरी विणतायत, आणि गळा या दोघांच्याही जरा मागून, समेवर न येता, आरामात येतोय. हे तीन वेगवेगळे हिशोब एकाच माणसाच्या अंगात एकाच वेळी चाललेत. खचून हे होत नाही, याला रियाज लागतो, वर्षानुवर्षांचा.

तो आजारी होता हे खोटं नाही आणि मला ते लपवायचं पण नाहीये. पण बैठकीत आधी हात ऐकायचे, मरणाचं नंतर बोलू. प्रस्तावनेत तो कधी गेला हे येणार नाही. ठरलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन झाल्यावर मावशीकडे गेले, पंचवटीत. मावशी शाळेत संगीत शिकवायची, रिटायर होऊन पण खूप वर्षं झाली, पण तानपुरा अजून रोज सकाळी लावते. तिला बैठकीला यायचंच आहे, पण म्हणाली इंग्रजी गाण्यातलं मला काय कळणार, तू आधी थोडं सांग. तर तिला सांगितलेलं इथे लिहून ठेवते, बैठकीत पण साधारण याच क्रमाने सांगायचंय.

निक ड्रेक जन्मला रंगूनमध्ये, १९ जून १९४८ ला. वडील इंजिनिअर, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला. ही कंपनी सागवानाच्या व्यापारातली, १८६३ पासूनची. हे ऐकल्या ऐकल्या मावशीने दरवाजाकडे बोट केलं, कारण त्यांच्या जुन्या वाड्याचा दरवाजा बर्मा टीकचा आहे आणि वाडा पाडला तेव्हा तेवढा दरवाजा काढून आणून या फ्लॅटला बसवलाय, चौकट कापून घ्यावी लागली होती त्यासाठी. म्हणजे कोण कुठला निक ड्रेक, आणि त्याच्या बापाचा धंदा आपल्या दाराशी. मावशी एकदम सरसावून बसली.

मग आईचं सांगितलं. मॉली ड्रेक. तिचाही जन्म रंगूनचाच. दुसऱ्या महायुद्धात बर्मा सोडून दिल्लीला आली होती आणि बहिणीबरोबर ऑल इंडिया रेडिओवर गायची. निकची थोरली बहीण गॅब्रिएल, जी पुढे नटी झाली, ती १९४४ ला लाहोरमध्ये जन्मली. पुढे सगळे इंग्लंडला परतले, टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या गावात, वॉरिकशरमध्ये. आणि तिथे ही आई घरात पियानोवर बसून स्वतःची गाणी रचायची, स्वतःच गायची, नवरा घरच्या टेपवर रेकॉर्ड करून ठेवायचा, बाहेर कुणाला माहिती नाही. तिची गाणी लोकांपर्यंत आली ती ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. मी मावशीला फोनवर तिचं एक गाणं ऐकवलं आणि लगेच त्यावर पिंक मूनमधलं एक, तर मावशी म्हणाली, "अगं, हे तर आईच्या मांडीवरचं शिक्षण आहे."

मला इतके दिवस हे शब्द सापडत नव्हते. मुलाच्या चालींमधले ते अनपेक्षित वळून उतरणारे सूर आईच्या पियानोत आधीच आहेत. मावशीचं हे वाक्य बैठकीत सांगायचं, तिचं नाव घेऊन.

३० जानेवारी

मराठी सारांशाचं काम. फार अडलंय, आणि अडलंय पहिल्याच गाण्यावर, नावावरच. पिंक मूनचं मराठी गुलाबी चंद्र केलं की झालं, सगळं भावगीत झालं. आपल्याकडे गुलाबी म्हटलं की थंडी, आणि चंद्र म्हटलं की चांदणं आणि सजणी. त्याच्या गाण्यातला चंद्र तसला नाहीये. तो येतोय आणि तुमच्यापैकी कुणीच त्याच्यापुढे इतकं उंच नाही की सुटाल, अशी ती गोष्ट आहे, आणि गंमत म्हणजे हे सगळं तो इतक्या हलक्या, जवळजवळ लाडिक आवाजात सांगतो की धमकी आहे का निरोप आहे कळत नाही.

मावशीला फोन लावला. ती म्हणाली ग्रहणातला चंद्र बघितलायस ना, तांबूस होतो तो. आमच्या लहानपणी ग्रहण लागलं की गल्लीतून ओरडत जायचे, दे दान सुटे गिराण, आणि आम्ही घरात गपगार बसायचो, पोटात गोळा यायचा आणि बघावंसं पण वाटायचं. आत्ताच्या कोजागरीला नाही का ग्रहण आलं, सगळ्यांचं दूध राहिलं. बस. मला तेच पाहिजे होतं, भीती पण वाटते आणि खिडकीतून डोकं पण बाहेर काढावंसं वाटतं. झेरॉक्सच्या पानावर तांबूस चंद्र लिहिणार आणि कंसात काही नाही. ग्रहणाचं तोंडी सांगेन.

बाकी दहा गाण्यांना प्रत्येकी दोन ओळीच देणार आहे. जास्त अर्थ सांगितला की लोक कागद वाचत बसतात, कान बंद होतात. नो (नाही म्हणायचं नो नव्हे, जाणणं या अर्थाचं, know) या गाण्यात तर सगळे मिळून चार ओळी शब्द आहेत, बाकी गिटारीवर एकच तुकडा घोळवत घोळवत त्याचं गुणगुणणं. त्याला सारांश काय द्यायचा. नुसतं लिहिलं, शब्द चार ओळी, बाकी हुंकार. आणि हॉर्नमध्ये शब्दच नाहीत, दीड मिनिटाच्या आतलं आहे, एकेक सूर ठेवत जातो आणि प्रत्येक सूर विझायला वेळ देतो.

४ फेब्रुवारी, रविवार

भाचा आला सकाळी गिटार घेऊन. आजचं काम, पिंक मूनचं ट्यूनिंग लावून बघायचं.

ज्यांना गिटारमधलं माहिती नाही (म्हणजे बैठकीतले जवळजवळ सगळे) त्यांच्यासाठी. गिटारच्या सहा तारा नेहमी एका ठरलेल्या पद्धतीने लावतात, जाड तारेपासून ई ए डी जी बी ई. निक ड्रेक हे बऱ्याचदा पाळत नाही. तो गाण्यागणिक तारा वेगळ्या लावतो, आणि पिंक मून गाण्याचं लावणं आहे सी जी सी एफ सी ई. म्हणजे सगळ्यात जाड तार चार पडदे खाली उतरवायची, पुढच्या तीन दोन-दोन पडदे खाली, पाचवी उलट एक पडदा वर चढवायची, आणि सगळ्यात बारीक आहे तशीच. वर दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा.

पहिल्या फटक्यात तार तुटली. ती वर चढवायची होती तीच. खुंटी पिळता पिळता टण्णकन आवाज आला आणि तार भाच्याच्या मनगटावर बसली, रेघ उठली लाल. तारा जुन्या होत्या, आठ-नऊ महिने बदलल्या नव्हत्या, चूक आमचीच. मेन रोडला जाऊन नवीन सेट आणला. नव्या सेटवर वेगळाच त्रास, तारा बारीक गेजच्या असल्यामुळे जाड तार इतकी खाली उतरवल्यावर सैल पडते आणि पडद्यांवर खरखरते, जोरात मारलं की भुर्र असा आवाज. भाचा वैतागला. मग हळूच, नखाने न मारता अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवून बघितलं तर खरखर गेली आणि एकदम तो रेकॉर्डमधला गोल आवाज आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे हे लावणंच वादकाला हळू वाजवायला भाग पाडतं. जोर केला की तार तक्रार करते.

मी मावशीला व्हिडिओ कॉल केला आणि भाच्याला सांगितलं कॅपो काढ आणि सगळ्या तारा नुसत्या उघड्या एकेक करून छेड, हळू. मावशीने डोळे मिटले. सी ला सा धरलं तर होतं काय, सा, प, सा, म, सा, ग. ती म्हणाली परत. परत छेडलं. म्हणाली, "अगं पंचम पण आहे आणि मध्यम पण आहे, तानपुऱ्यावर आपण एकतर हा लावतो नाहीतर तो, आणि वर गंधार वेगळ्या तारेवर दिलाय, जो तानपुऱ्यात नुसता खर्जातून आपोआप ऐकू यायचा असतो." भाच्याला स्वयंभू गंधार माहिती नव्हता. मग मावशीने तिकडे स्वतःचा तानपुरा फोनसमोर धरून खर्ज वाजवला आणि फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून काही गंधार ऐकू येईना, पण ती इतकी मनापासून ऐक ऐक म्हणत होती की भाचा दुपारी जेवण झाल्यावर बाईक काढून पंचवटीला गेला ऐकायला.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ऐकू आला आत्या.

तिथून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की बैठकीची सुरुवात बोलण्याने करायचीच नाही. भाच्याने पुढे बसून सहा उघड्या तारा छेडायच्या, सा प सा म सा ग, तीन वेळा, मग दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून परत, की आता सा पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) झाला, आणि लगेच रेकॉर्ड सुरू करायची. लोकांच्या कानात सा बसलेला असेल आणि गाणं त्याच सा वर उगवेल.

११ फेब्रुवारी

रेकॉर्डिंगचं सांगायचा भाग लिहिला. हा मला सगळ्यात आवडतो त्यामुळे लांबलाय, कापावा लागणार.

आधीचे दोन अल्बम जो बॉइड या निर्मात्याबरोबर केलेले. पहिला फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट, १९६९ चा, तेव्हा हा केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकत होता आणि पदवी न घेताच सोडून दिलं. दुसरा ब्रायटर लेटर. दोन्हींवर मोठे मोठे वादक, व्हायोलिन-चेलोचा ताफा, दुसऱ्यावर तर ड्रम्स, ब्रास, सगळं. आणि दोन्ही खपले नाहीत, त्या काळात त्याचा एकही अल्बम पाच हजारांच्या वर गेला नाही. मग ऑक्टोबर १९७१ मध्ये तो जॉन वुड या साउंड इंजिनिअरला म्हणाला मला रेकॉर्ड करायचंय, आणि लंडनमध्ये चेल्सीला साउंड टेक्निक्स नावाचा स्टुडिओ होता (मुळात दुधाची डेअरी होती ती जागा, मग स्टुडिओ झाला) तिथे दिवसाची बुकिंग संपल्यावर रात्री अकराच्या सुमारास दोघं बसले. दोन रात्री. बस, दोन रात्रीत अल्बम. स्टुडिओत तिसरं कोणी नाही. वुडना वाटत होतं नंतर वर वाद्यं चढवायची असतील, पण निकने सांगितलं, नाही, आहे एवढंच.

तयार टेप आपल्या रेकॉर्ड कंपनीच्या रिसेप्शनवर ठेवून तो न बोलता निघून गेला अशी एक दंतकथा सगळीकडे फिरते. मी ती बैठकीत सांगणार नाही. लोकांना तीच लक्षात राहते आणि मग परत तोच बिचारा मुलगा सुरू होतो. दोन रात्रीत अकरा गाणी, हे माझ्यासाठी बिचारेपण नाहीये. ज्याची बंदिश घरी घोटून घोटून पक्की झालीय तोच मैफलीत असा बसतो.

अजून एक गोष्ट, मोठा झालेला निक ड्रेक चालता-बोलता दाखवणारी एक फूटभर सुद्धा फिल्म नाही. फोटो आहेत, आवाज आहे, पण हात चालताना कुणी टिपलेले नाहीत. जगभरातले गिटारवाले आज पन्नास वर्षं नुसतं ऐकून शोधतायत की त्याने कुठलं बोट कुठे ठेवलं असेल. भाचा पण त्यातलाच आता.

आणि लोकांसमोर तो फार थोडा वाजला. प्रत्येक गाण्याला तारा वेगळ्या, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये बराच वेळ नुसता खुंट्या पिळत बसायचा, बोलायचा काही नाही, आणि बारमधली पब्लिक गप्पा मारायला लागायची. मला हे वाचल्यापासून वाटतं की तो जर पुण्या-नाशकात कुठल्या बैठकीत बसला असता तर त्याचं हे लावणं कुणाला खटकलं नसतं, आपल्याकडे गवई पंधरा मिनिटं तानपुरे जुळवतो आणि लोक पान जमवत आनंदाने बसलेले असतात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हॉलमध्ये आवाजाची ट्रायल. वाईट झाली. मी घरचा ब्लूटूथ स्पीकर नेला होता, मागच्या दिवाळीत सेलमध्ये घेतलेला, त्यावर बास इतका फुगवून येतो की अंगठा म्हणजे नुसता धब धब, आणि गळा मागे कुठेतरी. ज्यासाठी सगळा खटाटोप तेच ऐकू येईना. शिवाय हॉलला चार पंखे, चारही आवाज करणारे. पंखे बंद केले तर बाहेरची पाण्याची मोटर.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बघायला आले होते, ते म्हणाले माझ्याकडे जुनं स्टिरिओ आहे, मोठ्या लाकडी पेट्यांचं, चालतं अजून, फक्त उचलायला दोन माणसं लागतील. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन ऐकलं. अल्बममधलं रोड हे गाणं लावलं. अंगठा वेगळा, बोटं वेगळी, गळा वेगळा, आणि बोटं तारेवरून सरकताना येणारी ती बारीक चुर्र सुद्धा. काका स्वतःच म्हणाले, हा इथे समोर बसलाय की.

ठरलं, स्टिरिओ काकांचं. वॉचमनदादांना सांगून साडेसहा ते साडेसात मोटर बंद ठेवायची.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. चौकात दिवसभर ढोलताशा, काही काम होण्यासारखं नव्हतं आणि करायचं पण नव्हतं. रात्री उशिरा शांत झाल्यावर फ्रॉम द मॉर्निंग ऐकलं. शेवटचं गाणं. ते ऐकून कुणी म्हणावं की हा अल्बम अंधारा आहे. सकाळ उजाडलीय, हवेत रंग आहेत, आपण वर उठतोय आणि सगळीकडे आहोत, असं गाणं आहे ते, आणि चाल पण उड्या मारत चाललेली. त्याच गाण्यातली ओळ आईवडिलांनी त्याच्या थडग्याच्या दगडावर मागच्या बाजूला कोरून घेतलीय. आईवडिलांना अल्बम कळला होता.

२२ फेब्रुवारी

पानं झेरॉक्स केली, २० प्रती. एका प्रतीत शाई पसरली, ती माझ्यासाठी.

गाडीच्या जाहिरातीचं घालावं का नाही यावर दोन दिवस विचार. १९९९ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या एका उघड्या टपाच्या गाडीच्या जाहिरातीत पिंक मून वाजलं, चार तरुण रात्री चांदण्यात गाडीतून चाललेत, पार्टीच्या दारापर्यंत जातात आणि आत न जाता परत रस्त्याला लागतात. त्यानंतर अल्बमचा खप असा वाढला की जिवंतपणी जे कधी झालं नाही ते झालं. काही चाहत्यांना जाहिरात म्हणून राग आहे. मला नाही येत राग. ज्याने कुणी ते गाणं निवडलं त्याने ते नीट ऐकलं होतं, आणि त्या एका मिनिटामुळे हजारो लोकांच्या घरात तो गेला. दोन वाक्यांत सांगणार, शेवटी.

२५ फेब्रुवारी, रविवार, रात्री

झाली बैठक. सतरा जण आले, आमच्यासाठी हे खूप आहे. हात थरथरतोय अजून पण आत्ताच लिहिते नाहीतर निसटेल.

साडेसहाला दिवे मंद केले. भाचा खुर्चीवर बसला आणि काही न बोलता तारा छेडल्या. सा प सा म सा ग. मावशी पहिल्या रांगेत, तिने आवाज न करता ओठातल्या ओठात सा लावला ते मला दिसलं. कॅपो. परत सहा तारा. मग मी प्ले दाबलं. आणि गाणं त्याच जागेवर उघडलं, बरोब्बर, खोलीत जो सा भरून राहिला होता त्याच्यातूनच तो आला, एक बाई चक्क मागे वळून बघायला लागली की कोण वाजवतंय.

पियानोच्या सुरांना मावशीची मान डोलली. सहाव्या गाण्यानंतर, म्हणजे जिथे रेकॉर्डची बाजू बदलायची तिथे, मी एक मिनिट थांबवलं. कुणी बोललं नाही. मोटर बंद होती, पंखे बंद होते, लांबून कुठल्या तरी देवळातली आरती येत होती ती तेवढी. दुसरी बाजू लावली. नो मध्ये तो गुणगुणतो तिथे दोन-तीन जणांनी डोळे मिटून घेतलेले.

२८ मिनिटांनी संपलं आणि तोपर्यंत मी तो कधी गेला, कसा गेला, अवाक्षर काढलं नव्हतं. मग बोलायला सुरुवात केली. एक काका प्रामाणिकपणे म्हणाले की मला सगळी गाणी साधारण सारखी वाटली. मला वाईट नाही वाटलं, पहिल्यांदा मला पण तसंच वाटलं होतं. भाच्याने त्यांच्यासमोर जाऊन एका गाण्याचा अंगठा वाजवून दाखवला आणि दुसऱ्याचा, तर ते म्हणाले अरे हो. मग दुसऱ्या मजल्यावरच्या ताई, ज्या नेहमी काहीच बोलत नाहीत, त्या म्हणाल्या की मला वाटलं हा माणूस स्वयंपाकघरात एकटा काम करताना गातोय, कुणी ऐकतंय हे त्याला माहिती नाही. मला मॉली ड्रेक आठवली, तिचं मग सगळं सांगितलं, रंगून, दिल्ली, रेडिओ, आणि मावशीच्या दरवाजाचं पण.

मग मावशीने विचारलं, "केवढा होता गं हा?" म्हटलं रेकॉर्ड केलं तेव्हा तेवीस. "आता कुठे असतो?" आणि मग सांगितलं. २६ व्या वर्षी. खोली एकदम गप्प झाली. मावशी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हात काय तयार होता पोराचा." पहिलं वाक्य तिचं तेच आलं. मी तिच्याकडे बघून डोळे पुसले, पुसू दे.

सगळ्यांनी मिळून पहिलं गाणं परत लावायला सांगितलं. लावलं. बाहेर पडलो तेव्हा समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून चंद्र वर येत होता, काल पौर्णिमा झाली ना, अजून मोठाच होता, खाली धुळीत असल्यामुळे चांगला तांबूस. कुणीतरी हळूच म्हणालं दे दान सुटे गिराण आणि सगळे हसले.

२७ फेब्रुवारी

आवरासावर. स्टिरिओ भाच्याने आणि वॉचमनदादांनी तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. झेरॉक्सची तीन पानं उरली, एक वहीत चिकटवतेय.

ताईंनी फोन करून अल्बमचं नाव परत विचारलं आणि लेकीला बंगळूरला पाठवलं म्हणाल्या.

सारखं वाटलं म्हणणाऱ्या काकांनी काल जिन्यात गाठून विचारलं की त्या पहिल्या अल्बममध्ये काही आहे का ऐकण्यासारखं. रिव्हर मॅन लावून दिलं मोबाईलवर, आणि सांगितलं पाच मात्रांत आहे, मोजा. ते जिन्यातच बोटांवर मोजत उभे राहिले, मग म्हणाले अर्धा झपताल. मागे व्हायोलिनं भरून येतात तिथे मोजणं थांबलं त्यांचं.

मार्चची बैठक त्यांची आहे. भाच्याला विचारलंय त्यांनी येशील का म्हणून. त्याची परीक्षा आहे, तो हो म्हणालाय, मी त्याच्या आईशी बोलायचंय. गिटार अजून उतरवलेलीच आहे, सा प सा म सा ग, क्लासला नेताना परत नेहमीची लावावी लागेल.